भंगारात घालण्याआधी: जुने संगणक पारखायचे कसे, जपायचे कसे

अक्कलकोट रोडवरच्या एखाद्या टॉवेल कारखान्याचा माळा, नवी पेठेतल्या बंद पडलेल्या डीटीपी सेंटरची मागची खोली, कर सल्लागाराच्या ऑफिसात जिन्याखालची अडगळ. सोलापुरात जुने संगणक सापडतात ते अशा जागी. कुणी ते हौसेनं जमवलेले नसतात. नवा आला की जुना बाजूला सरकवला, त्याच्यावर आणखी एक जुना चढला, आणि वीस-पंचवीस वर्षांत ढीग झाला. मग जागा विकायची वेळ येते किंवा घरातलं मोठं माणूस जातं, आणि मुलं विचारतात, यात काही किमतीचं आहे का?

या प्रश्नाला माझं उत्तर बहुतेकांना नाराज करतं. डब्याला फारशी किंमत नसते. आपल्याकडचे बहुतेक संगणक ‘असेंबल्ड’. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग यायचे आणि गावातला विक्रेता ते जोडून द्यायचा. तसे लाखो बनले. पण त्या डब्यात काय साठवलं होतं, तो कुणी कशासाठी वापरला, याला मोल असतं, आणि ते भंगारवाल्याच्या काट्यावर दिसत नाही. म्हणून पारख आतल्या मजकुरापासून सुरू करायची. यंत्राची पाळी नंतर.

सोलापूरकरांनी तर जास्तच जागं राहायला हवं. चादरीवरची नक्षी ज्या जेकार्डवर निघते, ते तंत्र फ्रान्सच्या जोसेफ मारी जेकार्डनं १८०४ साली आणलं. पुठ्ठ्याच्या पट्टीला भोक असेल तर ताण्याचा धागा उचलायचा, नसेल तर खाली ठेवायचा, आणि अशा पट्ट्यांची माळ यंत्रावर फिरवायची. हीच कल्पना चार्ल्स बॅबेजनं आपल्या ‘अ‍ॅनालिटिकल इंजिना’च्या आराखड्यात घेतली. हर्मन हॉलरिथनं अमेरिकेच्या १८९० च्या जनगणनेसाठी माहिती भरायला भोकांची कार्डं वापरली, आणि हॉलरिथच्या धंद्यातूनच पुढे आयबीएम उभी राहिली. १९८३ मध्ये बोनास या ब्रिटिश कंपनीनं इलेक्ट्रॉनिक जेकार्ड बाजारात आणलं आणि चक्र पूर्ण फिरलं: पुठ्ठ्याची माळ गेली, नक्षी फ्लॉपीवर आली. विणकामानं संगणकाला दिलेली उसनवारी संगणकानं परत केली म्हणायची.

त्यामुळे एखाद्या कारखान्याच्या डिझाइन खोलीत जुनं काही सापडलं तर फक्त संगणक उचलून आणू नका. एकाच नक्षीचे चार अवतार तिथं असू शकतात: चौकटीच्या कागदावर रंगवलेला ग्राफ, भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ, फ्लॉपीवरची फाइल आणि प्रत्यक्ष विणलेला नमुन्याचा तुकडा. हे चारही एका नक्षीचे म्हणून एकत्र राहिले तर कोणत्याही वस्त्रसंग्रहालयानं हेवा करावा असा ऐवज होतो. वेगवेगळे झाले की ग्राफ रद्दीत जातो, माळ पावसात भिजते आणि फ्लॉपीवर ‘मोर २’ एवढंच लिहिलेलं उरतं. कुठला मोर, कुठल्या चादरीचा, किती हुकांच्या जेकार्डसाठी, हे सांगणारं कुणी राहत नाही. म्हणून नक्षीगणिक एक मोठा कागदी लिफाफा करा, फ्लॉपीचा क्रमांक त्यावर टाका आणि कापडाचा तुकडा त्याच क्रमांकानं ठेवा.

डिझाइनर हयात असतील तर शेजारी बसून त्यांचं बोलणं मोबाइलवर ध्वनिमुद्रित करा. कोणतं सॉफ्टवेअर वापरायचे, फाइलला नाव कसं द्यायचे, गिऱ्हाइकानं बदल सांगितला की आधी कुठं हात घालायचे, असं साधं साधं विचारा. संगणक अजून काही वर्षं माळ्यावर तग धरेल. माणसाचं तसं सांगता येत नाही.

कळ दाबू नका

ढीग दिसल्याबरोबर प्रत्येकाला एकच इच्छा होते: वायर लावून बघू, चालतोय का. ही इच्छा आवरा. दहा-पंधरा वर्षं बंद असलेला संगणक थेट विजेला जोडणं ही त्याला मारण्याची सर्वांत सोपी रीत आहे.

आधी जागेवरच फोटो काढा. कशावर काय ठेवलं होतं, कोणती वायर कशाला होती, शेजारी कोणत्या वह्या होत्या, सगळं फोटोत येऊ द्या. मग एक साधी शंभर पानी वही घ्या. प्रत्येक वस्तूला क्रमांक, कंपनी, मॉडेल, सिरियल नंबर, कुठून आली, कोण वापरायचं, अवस्था कशी. क्रमांकाची चिठ्ठी सुती दोऱ्यानं बांधा. चिकटपट्टी प्लास्टिकवर डाग पाडते आणि रबरबँड आपल्या उन्हाळ्यात वितळून चिकटून बसतं.

कॅबिनेटवर विक्रेत्याचा वॉरंटीचा स्टिकर असेल तर तो खरवडू नका. त्यावर दुकानाचं नाव, तारीख आणि कधी कधी चार आकडी फोन नंबर असतो. गावात संगणकाचा धंदा कधी सुरू झाला, कुणी केला, याची नोंद एरवी कुठं मिळणार? असेंबल्ड मशीनला एवढाच काय तो जन्मदाखला. तो नसेल तर आतल्या चिपांकडे वळा. पुष्कळ चिपांवर चार आकडे छापलेले असतात: ९४२३ म्हणजे १९९४ सालचा तेविसावा आठवडा. पाच-सहा चिपांवरचे असे आकडे टिपले आणि त्यातला सर्वांत अलीकडचा घेतला की मशीन त्याआधी जुळलेलं नाही एवढं पक्कं कळतं.

आता कोणते संगणक पाहून थांबायचं ते सांगतो. १९८४-८५ मध्ये केंद्र सरकारच्या ‘क्लास’ योजनेखाली शाळांना दिलेले बीबीसी मायक्रो. डेसिबेल्स कंपनीनं परवान्यानं विकलेला स्पेक्ट्रम प्लस. एचसीएल, विप्रो, झेनिथ, डीसीएम, पीसीएल यांची सुरुवातीची यंत्रं, विशेषतः मूळ कळफलक, पुस्तिका आणि खोक्यासकट. आणि आपल्या दृष्टीनं सर्वांत महत्त्वाचं म्हणजे ‘जिस्ट’ कार्ड बसवलेला कोणताही संगणक. या कार्डाचं मूळ काम आयआयटी कानपूरचं, पुढे ते पुण्याच्या सी-डॅकनं वाढवलं. संगणकात हे कार्ड खोचलं की डॉसवरच्या इंग्रजी प्रोग्रॅममध्येही देवनागरी लिहिता यायचं. सी-डॅकची स्थापना १९८८ ची, आणि तिथलाच ‘परम ८०००’ हा महासंगणक १९९१ चा. महासंगणकाबद्दल सगळ्यांना ठाऊक असतं. पण एखाद्या कारकुनाला पडद्यावर मराठी नाव दिसू लागलं ते ज्या कार्डामुळे, ते आज भंगारात हिरव्या पट्ट्यांच्या भावानं जातं. मला विचाराल तर त्या कार्डासाठी सबंध ढीग उपसणं परवडलं.

झाकण उघडल्यावर

सोलापुरातला संगणक उघडला की पहिल्यांदा दिसतो तो कापसाचा तंतू. यंत्रमागाच्या शेडजवळ राहिलेल्या मशीनमध्ये हा तंतू आणि मागाचं तेल एक होऊन पंख्याच्या पात्यांवर राखाडी नमद्यासारखा थर बसतो. बोटानं ओढला तर अख्खा पापुद्रा निघून येतो. ओलं फडकं लावू नका. मऊ कोरडा ब्रश आणि ब्लोअर पुरे, पण ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवा. वाऱ्यानं गरगर फिरवलं की त्याचं बेअरिंग जातं. काम घराबाहेर करा, नाकाला रुमाल बांधा.

मग मदरबोर्डवर बॅटरी शोधा. ३८६ आणि ४८६ च्या काळात कळफलकाच्या सॉकेटजवळ निळ्या वेष्टनाची, पिंपाच्या आकाराची निकेल-कॅडमियम बॅटरी सोल्डर केलेली असायची. ती आज ना उद्या गळते. आजूबाजूला हिरवट-निळी बुरशीसारखी पूड दिसली तर गळती सुरू झालेली आहे. हा द्राव अल्कलीचा असतो, तांब्याच्या बारीक रेषा खात खात पुढे सरकतो. बॅटरी कापून काढा, जागा जुन्या टूथब्रशनं थोड्याशा पांढऱ्या व्हिनेगरनं घासा, मग डिस्टिल्ड वॉटर, शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोल, आणि सावलीत पूर्ण वाळू द्या. चालू असो वा बंद, ढिगातल्या प्रत्येक मशीनची ही बॅटरी काढायचीच. सगळ्या लेखातलं एकच काम करणार असाल तर हे करा. पेंटियमनंतरच्या मशीनमध्ये बहुधा नाण्यासारखी सीआर२०३२ असते. ती कमी त्रासाची, तरी काढून ठेवलेली बरी.

दोन हजार सालाच्या आगेमागे बनलेल्या बोर्डांचा रोग वेगळा. त्या काळात सदोष द्राव असलेले कपॅसिटर जगभर विकले गेले. त्यांचं वरचं सपाट टोपण फुगतं किंवा तपकिरी द्राव बाहेर येतो. फुगलेले दिसले तर बदलल्याशिवाय वीज नाही. टीव्ही-दुरुस्तीचं दुकान चालवणारा जुना कारागीर हे काम सहज करतो.

वीज द्यायची वेळ आली की एसएमपीएसच्या मागच्या बाजूला लहान लाल सरकती कळ बघा. ती ११५ वर असेल आणि तुम्ही २३० व्होल्ट दिलेत तर धडाका ठरलेला. पहिल्या वेळी थेट सॉकेटला न जोडता शंभर वॅटचा जुना तारेचा बल्ब सिरीजमध्ये घ्या. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. भक्क जळत राहिला तर आत शॉर्ट आहे, लगेच बंद करा. हे जाणत्या इलेक्ट्रिशियनच्या हातूनच करा. जुन्या एटी पद्धतीच्या पुरवठ्यात बोर्डाला जाणारे दोन जोड शेजारीशेजारी बसतात, आणि दोन्हींच्या काळ्या तारा मध्यभागी एकमेकींना लागून आल्या पाहिजेत. उलटे बसले तर बोर्ड जळतो. काचेच्या नळीचा जुना मॉनिटर मात्र स्वतः उघडू नका. त्यात हजारो व्होल्टचा दाब तयार होतो आणि वायर काढल्यावरही काही काळ टिकून राहू शकतो.

हार्ड डिस्क आणि फ्लॉप्या

यंत्र चालू होण्याआधी डिस्क बाहेर काढा. तिच्या लेबलवर सिलिंडर, हेड, सेक्टर असे आकडे असतील तर ते वहीत लिहून घ्या. बॅटरी काढल्यावर संगणक ते विसरलेला असतो. वीस-चाळीस एमबीच्या सुरुवातीच्या डिस्का ज्या कंट्रोलर कार्डाला जोडलेल्या असतात, त्याच कार्डासोबत ठेवा. दुसऱ्या कार्डावर त्या वाचल्या जातीलच असं नाही.

नंतरच्या आयडीई डिस्का बाजारात मिळणाऱ्या यूएसबी अ‍ॅडॉप्टरवर लागतात. अगदी जुन्या, काही शे एमबीच्या डिस्का त्यावर बऱ्याचदा ओळखल्या जात नाहीत; त्यांच्यासाठी एखादा पेंटियम चालू ठेवावा लागतो. फाइली एकेक करून कॉपी करत बसू नका. डिस्क पहिल्यांदा फिरते ती कदाचित शेवटची असते, तेव्हा सबंध डिस्कची जशीच्या तशी प्रतिमा एका फाइलमध्ये काढा. लिनक्सवरचं ‘डीडीरेस्क्यू’ फुकट आहे. ते वाचता येणारा भाग आधी घेतं आणि खराब भागाकडे मागाहून वळतं. विंडोजला ती डिस्क दाखवू नका, ते विचारल्याशिवाय तिच्यावर काहीबाही लिहितं. प्रतिमा तयार झाली की तिचा एसएचए-२५६ हा ठसा काढून वहीत नोंदवा. पाच वर्षांनी प्रत तीच आहे की बिघडली, हे त्यावरून कळतं. मूळ डिस्क मग पुन्हा हलवायची नाही. काय बघायचं ते प्रतीवर, डॉसबॉक्स किंवा ८६बॉक्ससारख्या एम्युलेटरमध्ये.

फ्लॉपीचं तंत्र याहून नाजूक. साडेतीन इंचीच्या कोपऱ्यातली खिडकी उघडी असेल तर लिहिणं बंद. सव्वापाच इंचीचं उलटं: कडेची खाच चिकटपट्टीनं झाकली की लिहिणं बंद. वाचण्यापूर्वी हे करा. चकतीवर पांढरे ठिपके, म्हणजे बुरशी, दिसली तर ती ड्राइव्हमध्ये घालूच नका. एक बुरसटलेली फ्लॉपी हेड खराब करते आणि ते हेड पुढच्या दहा फ्लॉप्या ओरबाडतं. ड्राइव्हचं हेड अल्कोहोलनं पुसून आधी बिनकामाच्या फ्लॉपीवर तपासा. यूएसबीचे ड्राइव्ह फक्त साडेतीन इंची वाचतात. सव्वापाच इंचीसाठी मूळ ड्राइव्ह आणि ग्रीसवीझलसारखं छोटं कार्ड लागतं, ते चुंबकीय खुणाच थेट टिपून घेतं. मागाच्या किंवा भरतकामाच्या यंत्रांच्या खास पद्धतीनं लिहिलेल्या फ्लॉप्यांनाही हाच इलाज. काही कारखान्यांत अशी यंत्रं अजून चालतात आणि फ्लॉपी ड्राइव्हच्या जागी पेनड्राइव्हचा डबा बसवतात. तो बसवला त्या दिवशी जुन्या फ्लॉप्या कुठं गेल्या, हे मालकाला जरूर विचारा.

मराठी मजकुराचा घोळ निराळाच. भारतीय लिप्यांसाठी १९९१ मध्ये आयएस १३१९४ हे मानक आलं होतं, पण डीटीपीची दुकानं चालली ती श्रीलिपी, आकृती, आयएसएम अशा प्रणालींच्या आपापल्या फॉन्टांवर. त्या फाइली आज उघडल्या की देवनागरीच्या जागी कंस, टिंबं आणि रोमन अक्षरांचा चिवडा दिसतो. मजकूर खराब झालेला नसतो, फॉन्ट नसतो. म्हणून त्या संगणकातले सगळे फॉन्ट, इन्स्टॉल करायच्या सीड्या, कळफलकाचा तक्ता आणि प्रिंटरच्या पोर्टात खोचलेलं डोंगल हे सगळं एकत्र ठेवा. डोंगल काडेपेटीएवढं असतं आणि सगळ्यात आधी तेच फेकलं जातं. फॉन्टच्या दोन आवृत्त्यांत अक्षरांच्या जागा बदललेल्या असू शकतात, तेव्हा ‘हा फॉन्ट आहे आमच्याकडे’ म्हणून जुना सोडून देऊ नका. युनिकोडमध्ये रूपांतर जरूर करा, एक पीडीएफ काढा, आणि मूळ फाइल तशीच राहू द्या. लग्नपत्रिका, यात्रेची पत्रकं, मंडळांच्या स्मरणिका, निवडणुकीचे जाहीरनामे: गावाचा तीसेक वर्षांचा छापील व्यवहार या फाइलींत आहे.

पतसंस्था, दवाखाना किंवा शाळा यांच्या डिस्कांत दुसऱ्यांची नावं, खाती, आजार असतात. त्या मालकाच्या लेखी परवानगीशिवाय उघडू नका, दाखवू तर मुळीच नका. आणि डिस्क टाकून द्यायची झाली तर ‘फॉरमॅट मारला’ म्हणजे माहिती गेली, हा समज सोडा. पुसणारं सॉफ्टवेअर चालवा किंवा डिस्कला ड्रिलनं आरपार भोकं पाडा.

ठेवायचं कुठं

कोकणापेक्षा आपली हवा यंत्रांना बरी. कोरडेपणा गंज लांब ठेवतो. आपला शत्रू उन्हाळा. मे महिन्यात पारा त्रेचाळीसच्या वर जातो तेव्हा पत्र्याखालच्या माळ्यावर काय होतं ते सांगायला नको. तळमजल्यावरची आतली, पश्चिमेच्या भिंतीपासून लांबची खोली निवडा. सामान जमिनीवर न ठेवता लाकडी फळीवर किंवा लोखंडी मांडणीवर ठेवा, वाळवीला वाट मिळत नाही. फ्लॉप्या उभ्या, स्पीकर आणि इन्व्हर्टरपासून दूर. पावसाळ्यासाठी सिलिका जेलच्या पुड्या घाला. डांबरगोळ्या नकोत, त्यांची वाफ काही प्लास्टिकांना मऊ करते. झाकायला धुतलेलं पातळ सुती कापड चांगलं. इथं घरोघर टॉवेल असल्यानं तोच टाकायचा मोह होतो, पण ज्या तंतूपासून वाचवायचं तोच त्यातून गळतो.

पिवळं पडलेलं प्लास्टिक हायड्रोजन पेरॉक्साइडनं गोरं करायची टूम आहे. मला ती पसंत नाही. डाग राहतात, प्लास्टिक ठिसूळ होण्याचा धोका असतो, आणि तीस वर्षांच्या यंत्रानं तीस वर्षांचं दिसलं तर बिघडलं काय?

सगळंच ठेवता येत नाही. एकसारखी सहा मशीन असतील तर सर्वांत पूर्ण एक ठेवा, दुसरं सुट्या भागांसाठी, बाकीची जाऊ द्या. पण जाऊ देताना तांब्यासाठी वायरी जाळणाऱ्याच्या हाती देऊ नका. १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या ई-कचरा नियमांप्रमाणे हा माल नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच जायला हवा. मॉनिटरच्या काचेत शिसं असतं, आणि ती फुटून नाल्यात गेली की कुणाच्या विहिरीत उतरेल ते सांगता येत नाही.

जे ठेवलं त्याचं पुढे काय, हेही आजच लिहून ठेवा. मायक्रोसॉफ्टचे पॉल अ‍ॅलन यांनी सिअ‍ॅटलमध्ये चालू अवस्थेतल्या जुन्या संगणकांचं मोठं संग्रहालय उभारलं होतं. ते २०१८ मध्ये गेले, २०२० मध्ये दारं बंद झाली आणि २०२४ मध्ये त्यातल्या वस्तू लिलावात निघाल्या. एवढ्या श्रीमंत माणसाच्या संग्रहाचं हे झालं, तिथं आपल्या माळ्याची काय कथा? वहीच्या पहिल्या पानावर कोणती वस्तू कुणाला द्यायची ते लिहून सही करा आणि घरातल्या एकाला तरी वही दाखवा. अभियांत्रिकी महाविद्यालय, विद्यापीठाचा विभाग किंवा ग्रंथालय यांना देणार असाल तर वस्तूसोबत यादी आणि डिस्कच्या प्रतिमा द्या, स्वीकारल्याची लेखी पोच घ्या. नुसता डबा नेऊन टाकला तर त्यांच्याकडेही तो अडगळीतच जाईल, आणि त्यात त्यांची चूक नसेल.

दिवाळीची साफसफाई हा या वस्तूंचा सर्वांत वाईट हंगाम. तुमच्या कारखान्यात, दुकानात, ऑफिसात असा ढीग असेल तर तोवर थांबू नका. येत्या रविवारी माळ्यावर चढा, फोटो काढा, बॅटऱ्या कापा, डिस्का आणि फ्लॉप्या बाजूला काढा. भंगारवाल्याला सोमवारी बोलवा.